स्वखुशीने नाही

शाहपुऱ्यातली माझी शेजारीण वैशाली निमगावकर एकवीस वर्षं सरकारी कारखान्यात विजेच्या मोटरींची कॉइल गुंडाळायची. गेल्या वर्षी दुसऱ्याच्या बदली तिला पत्रा कापायच्या प्रेसपाशी उभं केलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. भरपाई मिळाली. पण कामावर परतायची वेळ आली तेव्हा साहेबांनी पुढे कागद ठेवला: ‘मी स्वखुशीने शिपाईपद स्वीकारत आहे.’

सोबतीला मी गेलो होतो. चाळीस वर्षं रंगमंचावर राजे झालो, भिकारी झालो, धाय मोकलून रडलो. दाराशीच तिला म्हटलं, “जरा डोळ्यांत पाणी आण. साहेब विरघळेल.”

“काका, रडायचं खातं तुमचं. मी कामाला आलेय.”

जितेंद्र साहेब ग्वाल्हेरचे मराठी, जिभेवर साखर. “वैशालीजी, आरामाची नोकरी आहे हो. फायली पोचवा, चाय प्या.”

“हुद्दा खालचा आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर हुद्दा उतरवता येत नाही, कायदा आहे. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं द्यायचं. मला तपासणीला बसवा.”

“आणि हात?”

टेबलावर एक कॉइल होती, पास झाल्याची चिठ्ठी लावलेली. वैशालीने डोळे मिटले आणि डाव्या हाताचं बोट तिच्यावर गुंडाळलेल्या टेपवरून हळूहळू फिरवलं. तिच्या खात्यात असंच तपासतात. टेपची घडी डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. एका जागी ती थांबली. “इथे दुमडलीय. ही जळणार.”

साहेबांनी नख लावून पाहिलं. “बरं, वर विचारतो. तोवर सही करून ठेवा.”

“नाही. तपासणीचं काम देत नाही, असं तुम्ही लिहून द्या. शिक्क्यासकट. मग मी जाते.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. एवढी लांब शांतता मला रंगमंचावर कधी पेलली नाही; अशा वेळी मी हमखास खोकायचो. ती खोकलीसुद्धा नाही. शेवटी साहेबांनी वर फोन लावला.

“सोमवारपासून तपासणीला या. ट्रायलवर.”

“ट्रायल नको. आदेश.”

आदेश टाइप होऊन आला. तिने दोनदा वाचला, ‘वेतनश्रेणी पूर्वीचीच’ या ओळीवर बोट ठेवून मलाही वाचायला लावला. मग आदेश मिळाल्याची सही डाव्या हाताने एकेक अक्षर कोरत करायला घेतली. जेवणाची सुट्टी उलटून चालली होती. साहेबांनी कागदाकडे हात केला.

“थांबा,” ती म्हणाली. “आडनाव राहिलंय.”