बाबांनी पॉलिश केलेला कठडा

मंडळी, इतका आनंद झालाय की घरी पोचताच लिहितेय.

मुंबईतल्या काही जुन्या सरकारी इमारती या शनिवार-रविवारी सगळ्यांना बघायला खुल्या आहेत. आज मी आमच्या मोरवा गावाहून बाबांना घेऊन त्यातली एक बघायला गेले. ते लाकडाला पॉलिश करतात. तिथे पोचल्यावर ते सवयीने मागच्या गल्लीत वळले. म्हणाले, "कामगारांचा दरवाजा तिकडं हाय." मी त्यांचा हात धरून पुढच्या दारानेच आत नेलं.

माहिती देणारी ताई म्हणाली, "जिन्याच्या कठड्याची ही चमक शंभर वर्षांपूर्वीची आहे."

बाबा माझ्या कानात पुटपुटले, "न्हाय गो. हा मीच पॉलिश केलाय."

"मग सांगा ना!"

"जाऊ दे. शिकलेली पोर हाय ती."

शेवटी मीच हात वर करून सांगितलं. ताई हसली. "काका, पुढे या. तुम्हीच सांगा!"

लाख स्पिरिटमध्ये कशी विरघळवायची, सुती कापडाने हलका हात कसा फिरवायचा, बाबा सांगतच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही निघालो तेव्हा ताई पुढच्या गटाला तेच सांगत होती, बाबांच्या नावासकट!

घरातली पहिली पदवीधर मी, पण आज वर्ग बाबांनी घेतला.

तुमच्या घरच्यांच्या हातचं काम कुठे उभं आहे? कमेंटमध्ये त्यांचं नाव नक्की लिहा.