आत्याची जागा

तिला सगळी गल्ली आत्याच म्हणायची. खरी आत्या ती फक्त भावाच्या तीन मुलांची. पण हाक एकदा तोंडात बसली की बसली. लग्न झालं नाही, भावाकडेच राहिली. कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती शर्टांना काजं करत होती. बटणं लावणारी बाई वेगळी. "मी नुसती भोकं पाडते, ती बुजवते," असं आत्या हसत सांगायची.

भावाची खोली दहा बाय दहाची. तीत भाऊ, वहिनी, तीन मुलं, अंथरुणाला खिळलेली वहिनीची आई आणि आत्या. आत्या खाटेखाली पाय सारून, दाराकडे डोकं करून झोपायची. तिनं कूस बदलली की शेजारच्या भाचीलाही बदलावी लागे.

मग साथ आली, श्वासातून पसरणारी. मागच्या गल्लीतल्या एका खोलीत आठच्या आठ जण आजारी पडले. त्यातले दोघे परत आले नाहीत. कारखान्याला टाळं लागलं. एका सकाळी आरोग्यसेविका वही घेऊन दारात उभी राहिली.

"दाटी कमी केल्याशिवाय हे थांबायचं नाही. प्रत्येक खोलीतून एकाला तरी शाळेच्या इमारतीत हलवायचंय. तुमच्याकडून कोण?"

भाऊ जमिनीकडे बघत राहिला. वहिनी आईचं पांघरूण उगाच सारखं करू लागली.

"मी येते," आत्या म्हणाली. "माझ्यामागे कोण रडणारं आहे?"

ती चेष्टेत म्हणाली होती. कुणी हसलं नाही. 'असं काय बोलता' असंही कुणी म्हणालं नाही. भाचीनं तेवढं गाठोडं बांधून दिलं.

शाळेत तिला अख्खा वर्ग मिळाला. पहिल्या दुपारी तिनं दोन्ही हात पसरले, तर कशालाच लागले नाहीत. ती पाय ताणून झोपली आणि तिला फार बरं वाटलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून तो मोकळेपणा खायला उठला. डबा दाराबाहेर ठेवून माणूस निघून जाई. भावाचा फोन संध्याकाळी येई.

"बरी आहेस ना?"

"आहे. तिकडे?"

"बरंय."

मग तो ठेवून देई.

हाताला चाळा म्हणून तिनं सुईदोरा मागवला आणि चादरीच्या काठाला काजं करायला घेतली. आरोग्यसेविका तपासायला आली तेव्हा बघतच राहिली.

"अहो आत्या, चादरीला काजं कशाला?"

"बटणं येतील मागाहून."

दोघी हसल्या. जाताना सेविका म्हणाली, "तुमच्या खोलीत एकालाही लागण नाही. म्हातारीलासुद्धा नाही. तुम्ही जागा केलीत म्हणून बरं."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे वाचले, याचा आनंद होताच. पण आपण तिथे नव्हतो म्हणून वाचले, हे काही केल्या गिळवेना.

तीन महिन्यांनी ती घरी परतली. मुलं गळ्यात पडली. खाटेजवळ, तिच्या अंथरुणाच्या जागी, भाचीचं अभ्यासाचं टेबल आलं होतं. दाराशी पुस्तकांची पेटी.

"झोपायचं बघू काहीतरी," वहिनी म्हणाली. आवाजात वाईटपणा नव्हता, म्हणूनच आत्याला ते लागलं. पाच दिवस ती टेबलाखाली झोपली. भाची पहाटे अभ्यासाला उठे आणि पाय लागू नयेत म्हणून खुर्चीवर मांडी घालून बसे. सहाव्या दिवशी कारखाना उघडला. आत्यानं मालकाला विचारलं, "माळ्यावर कापडांच्या गठ्ठ्यांशेजारी राहू का?" तो हो म्हणाला.

भाऊ गाठोडं पोचवायला आला. जिन्यात म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दाटी कमी झाली," आत्या म्हणाली. "तू जा. मुलं वाट बघत असतील."

ती अजून माळ्यावरच राहते. यंत्रं थांबून बायका घरी गेल्या की तिथं चिटपाखरू नसतं. शुक्रवारी मात्र वहिनी येते, जिन्याच्या पायरीवर बसते आणि भडाभडा बोलते: नवऱ्याचं, आईचं, मुलांचं. एका खोलीत इतकी वर्षं काढली, पण दोघी अशा कधी बोलल्या नव्हत्या. अंधार पडायच्या आत वहिनी उठते. आत्या तिला कोपऱ्यापर्यंत सोडते आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहते.