कोरा शर्ट

तुरुंग बघायला तिकीट काढून रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. त्या रांगेत एकदा मी स्वतः उभा होतो, म्हणून तर अजिबातच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अल्कट्राझ नावाचं बेट आहे. एके काळी तिथे अमेरिकेतले नामचीन गुन्हेगार ठेवत. आता सुट्टीवरची कुटुंबं ठेवतात, दोन-अडीच तासांसाठी, कानाला माहितीची टेप लावून. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायला आम्हाला घाऊक भावात तिकडे नेलं होतं. तेव्हा आमच्यात टूम होती की सकाळी तुरुंग बघायचा आणि दुपारी भाड्याची सायकल घेऊन गोल्डन गेट पूल ओलांडायचा. जो तो हे उरकून आलेला असायचा आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी सांगायचा, "मस्ट आहे यार." काय मस्ट आहे ते कुणी सांगत नसे. फोटो दाखवत.

आम्ही चौघं निघालो. ऑफिसातला एक पुणेकर, त्याची बायको, मी, आणि फेब्रुवारीत नागपूरहून आलेला एक पंचविशीतला पोरगेला इंजिनियर. हा मला दादा म्हणायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, शुक्रवारी बेत ठरत असताना तो शेजारच्या टेबलावर होता आणि "मीपण येऊ का?" असं सरळ विचारून मोकळा झाला. आमच्यातलं कुणी असं सरळ विचारत नसे, त्यामुळे नाही कसं म्हणायचं ते कुणालाच सुचलं नाही. गाडी माझी. चालवली मी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी त्या दिवशी नेमकी तीच विसरलो.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे नाव तीन तुकड्यांचं असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अमेरिकेत पाय ठेवल्यावर मी तिसरा तुकडा गाळला. वडिलांचं नाव असं होतं की आडनाव म्हणून सहज खपे. पगाराच्या कागदावर तिन्ही होते, पण तो कागद ऑफिसातल्या गोऱ्या बाईच्या हातात असे, आणि कुठल्या तुकड्यावरून काय ओळखतात हे तिला ठाऊक नव्हतं. ते ओळखणारे फक्त आम्हीच. "आडनाव काय?" हा प्रश्न समुद्र ओलांडून आमच्याबरोबर आला होता, लोणच्याच्या बरणीसारखा, नीट गुंडाळून. मी उत्तर द्यायचो ते वडिलांच्या नावाने. पुणेकराला ते अर्धवट पटायचं. "हां, तिकडे मराठवाड्यात असतात," असं म्हणून त्याने स्वतःच मला एका जातीत बसवून टाकलं होतं. मी तिथे बसून राहिलो. वडील शिक्षक होते. हजेरी घेताना प्रत्येक पोराचं आडनाव खणखणीत उच्चारायचे, स्वतःच्या पोराचंही. त्यांच्याच नावामागे मी लपलो होतो.

तर बेट. बोटीतून उतरलं की धक्क्यावर एक जुनी पाटी आहे, तिच्यावर लाल रंगाने फासलंय, 'इंडियन्स वेलकम'. पुणेकर खूश झाला. "बघ, आपलं स्वागत केलंय," म्हणून बायकोला पाटीखाली उभं केलं, मग स्वतः उभा राहिला, मग मला कॅमेरा दिला.

नागपूरकर म्हणाला, "ते आपल्याला नाही म्हणून राहिले, भाऊ. इथले मूळचे लोक. त्यांनी बेट ताब्यात घेतलं होतं, आमची जमीन परत द्या म्हणून. तेव्हाचं लिहिलेलं आहे."

"गंमत समजत नाही का रे तुला?" पुणेकर म्हणाला. "लगेच लेक्चर देऊन राहिला." त्याने 'राहिला' असं काही लांबवलं की वहिनी हसल्या. मीही हसलो. पाटीचं मलाही माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं.

वर चढून गेलो. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा वास सगळीकडे, आणि त्यात च्युइंगम चघळणारी माणसं. प्रत्येकाच्या कानात तोच पहारेकऱ्यांचा आवाज, इकडे वळा, तिकडे बघा. शे-दीडशे माणसं एकाच वेळी डावीकडे वळायची. एवढे आज्ञाधारक लोक त्या इमारतीने कैदी असतानाही पाहिले नसतील. गजांमागे उभं राहून तोंड पाडायचं आणि फोटो काढून घ्यायचा, याला तिथे विनोद म्हणत. पुणेकराने तो तीन कोठड्यांत केला.

शिक्षा म्हणून एकट्याला अंधारात ठेवायच्या कोठड्या एका बाजूला आहेत. दार उघडं असतं, आत जाऊन उभं राहता येतं. मी गेलो. मागून नागपूरकर आला. त्याने कानावरची टेप काढली.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"चौदा एप्रिलला तुम्ही कोरा शर्ट घालून आले होते ऑफिसला. पांढरा. पाठीवर घडीच्या रेघा दिसून राहिल्या होत्या."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"मीपण कोराच घातला होता."

आमच्या घरी दिवाळीला कपडे झाले तर झाले, पण जयंतीला नवा शर्ट ठरलेला. वडील आदल्या संध्याकाळी आणायचे आणि धुवायचा नाही म्हणायचे, कोराच घालायचा, लोकांना घडी दिसू दे. आडनाव गाळलं, घरातली तसबीर बॅगेत तळाशी ठेवली, पण दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझे पाय आपोआप मॉलकडे वळायचे. सगळं पुसल्यावर एवढा एक शर्ट पुसायचा राहून गेला होता. आणि त्या चार मजली काचेच्या इमारतीत त्याचा अर्थ वाचता येणारा एकच माणूस होता, तो ह्या काळोखात माझ्यासमोर.

"तुम्ही आपल्यातलेच ना, दादा?"

त्याच्या आवाजात मोठा आनंद होता. परक्या गावात आपलं कुणी भेटल्यावर होतो तसा. मला तो आनंद नकोसा वाटला. मला तर त्याचा रागच आला, खरं सांगायचं तर.

"सेल होता," मी म्हणालो. "म्हणून घेतला."

"अच्छा," तो म्हणाला. "मग माझीच काही गलती झाली असेल." आणि टेप पुन्हा कानाला लावून बाहेर गेला.

परत किनाऱ्यावर येऊन बाकावर जेवलो. वहिनींनी दशम्या आणल्या होत्या. नागपूरकराने डबा उघडला, त्याच्या आईने कुणाबरोबर तरी पाठवलेले रव्याचे लाडू. वहिनींनी दोन खाल्ले आणि पाकात केलेत की बिनपाकाचे ते विचारून घेतलं.

मग सायकलचं दुकान. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सायकल परत येईपर्यंत ड्रायव्हिंग लायसन्स इथे ठेवा, दोन सायकलींना एक चालेल. पुणेकराने आपलं टाकलं, त्याच्या आणि वहिनींच्या सायकलीसाठी. दुकानातला पोरगा फॉर्मवर नाव मोठ्याने वाचून लिहून घेत होता. तिन्ही तुकडे.

"अरे," मी खिसे चाचपत म्हणालो, "मी लायसन्स विसरलो वाटतं घरी."

पंचेचाळीस मैल हायवेवरून गाडी चालवत आणणारा माणूस हे म्हणत होता. पुणेकर हेल्मेट डोक्याला बसतं का बघत होता, त्याच्या ध्यानात आलं नाही. नागपूरकराने माझ्याकडे पाहिलं. नंतर माझ्या मागच्या खिशाकडे, जिथे पाकीट होतं. त्याला सगळं कळलं. कोठडीतल्या उत्तरापेक्षा स्वच्छ उत्तर मी त्याला आत्ता दिलं होतं.

"माझं घ्या," तो म्हणाला. "दोघांचं होऊन जाईल."

काउंटरवरच्याला आडनाव वाचता येईना. त्याने स्पेलिंग विचारलं. नागपूरकर एकेक अक्षर सांगू लागला, सावकाश, स्पष्ट, हजेरीत सांगतात तसं. पुणेकराचं हेल्मेट हातातच राहिलं. पाचव्या अक्षराला त्याने बायकोकडे बघितलं, सहाव्याला बायकोने त्याच्याकडे.

ती सायकलफेरी निसर्गरम्य आहे असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. असेलही. मला आठवतो तो वारा, समोरून अंगावर येणारा, आणि धुक्यात वरचा अर्धा भाग नाहीसा झालेला तो पूल, ज्याला सोनेरी म्हणतात आणि जो गंज लागल्यासारखा लाल आहे. पुलावर प्रत्येक माणूस थांबतो, पाठ समुद्राकडे करतो आणि फोटो काढून घेतो. समुद्र कुणी बघत नाही. नागपूरकर पुढे निघून गेला होता. पहिल्या मनोऱ्याशी सायकलची वाट बाहेरून वळसा घेते. तिथे पुणेकर दम खायला थांबला, म्हणून मी आणि वहिनीही थांबलो.

"तरी मी हिला म्हणतच होतो," पुणेकर म्हणाला. "ते बोलणं, ते सगळीकडे अक्कल शिकवणं. आता कळलं. आपल्यातला नाही तो."

"लाडू चांगले होते पण," वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच गप्प झाल्या.

"तुला नाही जाणवलं कधी?" पुणेकराने मला विचारलं.

गप्प राहता आलं असतं. वारा एवढा होता की ऐकू आलं नाही असं दाखवणंही सोपं होतं. मी म्हणालो, "जाणवतं ना. पहिल्या दिवशीच जाणवतं."

त्याने एक मागितलं होतं, मी दोन दिली. ते दुसरं वाक्य मी का बोललो याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. भीती होती हे कारण पुरत नाही. भीतीपोटी माणूस 'हो' म्हणतो. 'पहिल्या दिवशी' म्हणायला हौस लागते.

मनोऱ्याला वळसा घालून पलीकडे गेलो, तर तो तिथे दोन पावलांवर सायकल धरून उभा.

"इकडे वारा लागत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुमची वाट पाहून राहिलो होतो."

खरंच लागत नव्हता. शब्दन् शब्द ऐकू जाईल अशी शांतता होती तिथे.

पुढे उतार आहे, सॉसालिटो नावाच्या गावापर्यंत. श्रीमंतांच्या नौका आणि त्यांची चित्रं विकणारी दुकानं. तिथून सायकलींसकट बोटीने परत. बोटीत नागपूरकराने पुन्हा डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. मुद्दाम धरला की सवयीने, सांगता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "नको, पोट भरलंय." पुणेकर खिडकीबाहेर बघत होता. डबा माझ्यापुढे आला. वहिनी बघत होत्या. मी म्हणालो, "नको." त्याने एक लाडू स्वतः खाल्ला, पूर्ण, सावकाश, आणि झाकण लावलं.

सायकली दिल्या, लायसन्सं परत घेतली, गाडीपाशी आलो. मी किल्ली काढली.

"लायसन्स सापडलं का?" नागपूरकराने विचारलं. "नाहीतर मी चालवतो."

पुणेकर हसायला लागला. "अरे हो की. लायसन्सशिवाय आणलंस तू आम्हाला? पोलिसांनी धरलं असतं म्हणजे?"

नागपूरकर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. एक वाक्य बोलायचा अवकाश होता, माझं सगळं संपलं असतं. "गाडीतच असेल," मी म्हणालो.

"असेल," तो म्हणाला, आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

त्याच्या बिल्डिंगपाशी त्याला आधी सोडलं. अजून उजेड होता. तो उतरला, माझ्या खिडकीशी आला, वाकला. मला वाटलं, आता हा 'जय भीम' म्हणणार, ह्या दोघांसमोर, आणि मला उत्तर द्यावं लागणार.

"थँक यू, सर," तो म्हणाला.

दादाचा सर झालो. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. मी ज्याच्यासाठी एवढं केलं ते सुरक्षित राहिलं, आणि ते त्याने राखलं, हे मला आजही गिळता येत नाही. पुणेकराला मी तुच्छ मानतो, पण तो निदान स्वतःच्या नावानं क्षुद्र होता.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी मॉलमध्ये गेलो नाही. चौदा तारखेला बुधवार होता. कपाटातला सगळ्यात जुना शर्ट काढला, कॉलर विरलेला, आणि तो घालून ऑफिसला गेलो. कॉफी मशीनपाशी पुणेकर आणि मी उभे होतो तेव्हा नागपूरकर आला. आकाशी रंगाचा शर्ट. छातीवर आडवी घडी, बाहीवर टाचणीचं भोक.

"काय रे, एकदम नवाकोरा?" पुणेकर म्हणाला. "बर्थडे का?"

"हो," तो म्हणाला. "आमच्या बाबांचा."

"अरे वा. वडिलांना आमच्याकडूनही शुभेच्छा सांग."

"सांगतो." त्याने कप भरून घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या कॉलरकडे पाहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. "माझ्याकडूनपण सांग," मी म्हणालो.

"तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल, सर," तो म्हणाला आणि कप सांभाळत आपल्या टेबलाकडे गेला.

"हे काय बोलणं झालं?" पुणेकर मला म्हणाला. "बघितलंस ना? मॅनर्स नाहीत."

मी त्याच्या पाठीवरच्या घडीच्या रेघा बघत होतो. दोन उभ्या, एक आडवी. वडील आणायचे त्या शर्टांवर अगदी तशाच असायच्या.