सही न केलेली हजेरी

मामा गेल्याचे मामींनी फोनवर सांगितले आणि हुंदका आवरून लगेच विचारले, "प्रज्ञा, त्यो कागद तू त्यांला वाचून दाखवला व्हता का गं?" मी अंबाजोगाईला प्रयोगशाळेत होते. "हो," म्हणाले. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. कारण आणि परिणाम यांतला फरक ओळखणे हे माझे शिक्षण आहे. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले आहे. त्या कागदाशी त्याचा संबंध मला सिद्ध करता येत नाही, आणि नाकारताही येत नाही.

लक्ष्मणमामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ, सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावातील शाळेचे निवृत्त शिक्षक. आमच्या बौद्ध वस्तीतील ज्यांच्या नावावर थोडीफार जमीन आहे, ते सगळे गावच्या सेवा सोसायटीचे सभासद. सोसायटीकडून बियाणे मिळते, खत मिळते, आणि दुष्काळात चारा छावणीही तीच चालवते. छावणीत कोणाची जनावरे आधी घ्यायची, कोणाला 'जागा नाही' म्हणून परत पाठवायचे, हे संचालक ठरवतात. त्यामुळे संचालक निवडण्याचे मत ही वस्तीसाठी केवळ तत्त्वाची गोष्ट नव्हती. त्या मतावर दावणीची गाय जगणार की बाजारात जाणार, हे ठरत होते. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी निवडणूक जाहीर झाली, सोसायटीच्या दारावर मतदारयादी लागली, आणि तिच्यात वस्तीतले एक नाव सोडले तर कोणीच नव्हते. नियम असा, की पाच वर्षांत एकाही वार्षिक सभेला हजर न राहिलेला सभासद अक्रियाशील. त्याला मत नाही. आमच्या लोकांनी तर एकही सभा चुकवली नव्हती.

मामांनी मला बोलावून घेतले. "तू सायन्सवाली. कुठं लबाडी झाली ते हुडकून काढ." पाच वर्षांच्या हजेरी रजिस्टरांच्या नकला मी ओसरीवर पसरल्या. खाडाखोड, बदललेले पान, एकाच हातच्या अनेक सह्या, असे काही सापडेल अशी माझी अपेक्षा होती. खरे सांगायचे तर आशा होती. तसे काहीही नव्हते. गावातल्यांच्या नावांपुढे सह्या होत्या, आमच्या नावांपुढे, ते एक सोडले तर, कोरी जागा, पाचही वर्षे. मी नकला मामांपुढे सरकवल्या. त्यांनी चष्मा काढला. "मीच सांगितलं होतं त्यांला," ते म्हणाले.

मामा तरुण शिक्षक असताना अशाच एका सभेत वस्तीने हजेरीच्या सह्या केल्या होत्या. नंतर त्याच पानाला एक ठराव जोडला गेला, की वस्ती कसत असलेल्या गायरानावर सोसायटीचे गोदाम बांधावे, 'उपस्थित सर्वांच्या संमतीने'. संमतीचा पुरावा म्हणून आमच्याच लोकांच्या सह्या आणि अंगठे होते. त्यानंतर मामा घरोघर फिरले. सभेला जायचे, प्रश्न विचारायचे, पण त्या रजिस्टरावर सही करायची नाही. वस्तीने हे इतके मनावर घेतले, की सासरी आलेल्या सुनेला पाणवठ्याची वाट दाखवावी तसे हेही सांगितले जाई. वस्तीच्या संरक्षणासाठी केलेला हा नियम होता. पुढे कायदा बदलला आणि हजेरीला मताची किंमत आली, तेव्हा आमच्यापर्यंत ते सांगायला कोणी आले नाही.

यादीवर आम्ही हरकत घेतली, तिची तालुक्याला सुनावणी होती. मामा म्हणाले, "काय सांगावं तिथं?" मी म्हणाले, "खरे तेच सांगा. सही न करण्याचे कारण पटण्यासारखे आहे." हा सल्ला माझा होता. मामा उभे राहिले आणि गायरानापासून सगळे बोलले. शेवटी म्हणाले, "साहेब, माणसं आली होती. मी साक्षीला आहे."

सोसायटीचे दप्तर सांभाळणारा गटसचिव हसला. "गुरुजी, आलीच होती की! चहा बी पिऊन गेली. मी कुठं न्हाई म्हणतो? पण रजिस्टर काय म्हणतंय?"

"रजिस्टरला डोळे असतात का रे?"

"डोळे नसतात गुरुजी, पण कोर्टात त्येच चालतं."

निकाल आला तो मीच मामांना वाचून दाखवला. 'सह्या न करण्याविषयी आपणच सांगितले होते, असे अर्जदारांच्या प्रतिनिधींनी कबूल केले आहे. सबब हरकत फेटाळण्यात येते.' मामा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचले. मग ते भिंतीकडे वळून निजले. दोन दिवसांनी मामींचा फोन आला.

मामांच्या माघारी निवडणूक झाली. संचालक मंडळात अनुसूचित जातींसाठी एक जागा राखीव असते, ती भरली गेली. बिनविरोध निवडून आला तो यादीत उरलेला आमचा एकटा माणूस. चेअरमनच्या ट्रॅक्टरवर चालक आहे, दरवर्षी मालकाशेजारी बसून सही करीत आला. कायद्याने आमची जागा राखली होती, ती भरणारे हात मात्र राखले नव्हते. त्या आठवड्यात वस्तीतल्या सुमनमावशींची गाय छावणीच्या फाटकावरून परत आली.

मागच्या आठवड्यात वार्षिक सभा झाली. मी गेले होते. वस्ती सगळी आली होती, आणि या वेळी सह्या करायच्या असे ठरवून आली होती. सुमनमावशी तर नातीकडून आपले नाव गिरवायला शिकल्या होत्या. रजिस्टर रांगेतून फिरत आले आणि त्यांच्या अंगावरून पुढे गेले.

"आरं, आमाला दे की!"

"मावशी, ह्यात मतदारांचीच नावं छापलीत," गटसचिव म्हणाला. "तुमचं नावच न्हाई, तर सही कुठं घेऊ?"

"सही न्हाई म्हणून नाव काढलं, आन आता नाव न्हाई म्हणून सही न्हाई व्हय?"

मांडवात हशा पिकला. गटसचिवही हसला. मावशी हसल्या नाहीत. पेन हातात तसेच धरून त्या म्हणाल्या, "बरं, ऱ्हाऊ दे. पानाच्या वर काय लिवलंय, तेवढं वाचून दाखव. गुरुजी आधी वाचून घ्यायचे."

तो न वाचताच पुढच्या रांगेकडे गेला. वस्ती सभा संपेपर्यंत बसून राहिली. मग उपस्थितांची संख्या जाहीर झाली, आणि सवयीने मी माणसे मोजली... त्या आकड्यात आम्ही नव्हतो.