चोवीस तोंडांचं खटलं

घड्याळजींच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात एक नारिंगी प्रवाळ. बाकीची प्रवाळं दिव्याच्या उजेडावर गुजराण करायची. हे मात्र महालाडावलेलं. त्याची चोवीस तोंडं, आणि प्रत्येकात घास हातानं भरवायचा! घड्याळजी आधी पंप बंद करत, नाहीतर घास वाहून जायचा. मग कोळंबीचा रस थेंब थेंब सोडत. तोंडं उमलली की लांब चिमट्यानं एकेकात मोहरीएवढा तुकडा ठेवत. तोवर दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर.

बायको टाकीला सवत म्हणायची. "बत्तीस वर्षांत मला कधी घास भरवलात?"

मग घड्याळजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, टाकीच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या डोळ्यावर पट्टी, आणि दुसरा तर नावापुरताच. उपाशी प्रवाळ तेवढ्यात मरणार, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी अभिमान गिळून त्यांनी चिमटा बायकोच्या हाती दिला. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांना वाढणारी. मोहरीएवढा घास बघून तिला हसूच फुटलं.

पहिल्याच दिवशी टाकीतल्या झिंग्यानं तीन घास पळवले. "मेल्या, रांगेत ये!" म्हणत तिनं चहाची प्लास्टिकची गाळणी त्याच्यावर पालथी घातली.

घड्याळजी खुर्चीत बसून रोज विचारत, "किती उघडली?"

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "सत्तावीस."

"चोवीसच आहेत! मोजता तरी येतं का तुला?" ते भडकले. प्रवाळ केव्हाच मेलं असणार आणि ही आपली समजूत काढतेय, अशी त्यांची खात्रीच पटली. रात्री जेवण गेलं नाही.

सोळाव्या दिवशी ते तडक टाकीपाशी गेले आणि नव्या डोळ्यानं मोजू लागले. सत्तावीस! मागच्या बाजूची तीन तोंडं त्यांनी वर्षापूर्वीच मेली म्हणून सोडून दिली होती. तीही टपोरी उघडली होती.

"ही कशी जगली?"

"कॅन्टीनमध्ये मी शेवटच्या रांगेपासून वाढते," ती म्हणाली. "पुढच्यांना काय, कुणीही वाढतं."

घड्याळजींना आनंदानं भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. त्यांनी चिमट्यासाठी हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.