पोचूबाई मैनाला न्यायला येते

खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलंय. समोर अर्ज आहे, हातात पेन आहे आणि माझे डोळे मिटू लागलेत. शेजारच्या वर्गात मुलं सतराचा पाढा म्हणताहेत. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे... पुढचं मला ऐकू येत नाही.

मी तालुक्यात फिरणारी विशेष शिक्षिका. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, अशा मुलांच्या शाळांना जायचं, त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना शिकवायचं, हे माझं काम. सत्तावीस गावं, एक्केचाळीस मुलं. समोरचा अर्ज त्यांतल्या एकीचा आहे. मैना जंगू आत्राम, वय नऊ, याच शाळेत तिसरी. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलणं अडखळत येतं. डोकं मात्र लख्ख. नाल्यापलीकडच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, तिची आई पोचूबाई तिला रोज पाठीवर घेऊन यायची. पोळ्याच्या दोन दिवस आधी सोयाबीन निंदताना पोचूबाईला साप चावला. तालुक्याला नेईपर्यंत ती गेली. तेव्हापासून मैना शाळेत आलेली नाही, आणि आता डिसेंबर लागलाय. मी सही केली की तिचं नाव ‘घरी शिक्षण’ या यादीत जाईल. म्हणजे महिन्यातून एकदा मी तिच्याकडे जायचं, जमलं तर. चार वाजता तालुक्याचा माणूस अर्ज न्यायला येणार आहे.

"म्याडम, झोपल्या का जी?"

दारात पोचूबाई उभी आहे. ती मेलेली आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी उठून खुर्ची पुढे सरकवते. ती बसत नाही. कधीच बसायची नाही.

"मैनीले न्याले आली," ती म्हणते. "शाळा सुटली ना?"

"अजून नाही." खोटं किती पटकन येतं तोंडात. "वर्गात आहे ती."

"मंग दाखवा."

आम्ही वर्गात आहोत. जमिनीतून कपाशी वर आली आहे, बोंडं फुटून बाकांना टेकली आहेत, आणि त्यांच्यामधून सगळी मुलं माझ्याकडे बघताहेत. माझ्या हातात हजेरीपट आहे. पोचूबाई एकेका बाकाशी वाकून बघते. तिच्या पावलांचा आवाज होत नाही.

"नाव घ्या तिचं," ती म्हणते.

"मैना जंगू आत्राम."

कुणी बोलत नाही. मी रकान्यावर पेन टेकवते.

"थांबा!" पोचूबाई ओरडते. जिवंतपणी तिचा आवाज कधी चढला नव्हता. "दहापर्यंत मोजा. तिचा आवाज पोटातून निघते, मंग गळ्यात येते, मंग तोंडात. टाइम लागते तिले."

मी मोजते. सहा, सात. मुलांनी श्वास रोखून धरलाय. नऊ. दहा.

"तुमी घाईनं मोजलं."

"नाही, पोचूबाई."

"मंग पोरगी इथं नाही." ती सरळ उभी राहते. "कोठी हाय माही पोर?"

माझी पावलं ओली झाली आहेत. आम्ही नाल्यात आहोत. डिसेंबरात इथं घोट्याएवढं पाणी असतं, पण आता ते गुडघ्यापर्यंत आलंय आणि चढतंय. हजेरीपटाच्या जागी हातात अर्ज आहे. तो मी डोक्याच्या वर धरलाय.

"काय हाय ते?"

"मैनाचा अर्ज."

"वाचून दाखवा. मले वाचता येत नाही."

मी वाचते. नाव, वय, वर्ग. मग कारणाचा रकाना. "सदर विद्यार्थिनी तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत येऊ शकत नाही."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचते. पाणी कमरेला लागतं.

"येऊ शकत नाही, का तिले कोनी आनत नाही?"

"जंगू पहाटेच कापूस वेचायला जातो. शाळेतल्या सरांकडे दोन वर्ग आहेत. मला एक्केचाळीस मुलं..."

"मी ते नाही इचारलं जी."

पाणी गढूळ आहे, थंड आहे. माझा हात खाली येतोय आणि अर्जाची खालची कड भिजायला लागली आहे.

"माह्या मयतीत तुमी माह्या मालकाले काय म्हनलं होतं?"

"मी बघते तिचं, म्हणाले होते."

"मंग किती खेपा आल्या?"

"एकदाही नाही."

आता ती काहीतरी भयंकर बोलेल म्हणून मी डोळे मिटून घेते. पाणी छातीपर्यंत येतं. पण ती अगदी हळू विचारते, "भेव वाटलं काय जी?"

"हो. तिनं मला तुमच्याबद्दल विचारलं असतं."

"इचारतेच ना. रोज इचारते. तिच्या बापाले समजत नाही ती काय म्हनते ते. मले समजे, अन् तुमाले समजते. बस, दोघीच."

पोडावर ऊन आहे. जंगूच्या घरापुढे मैना गोणपाटावर पडली आहे. लोळत चुलीकडे जाऊ नये म्हणून तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तिचं दुसरं टोक खांबाला बांधलंय. आजूबाजूला कुणी नाही. सगळे शेतात. पोचूबाई गुडघ्यावर बसून ती गाठ सोडवते. गाठ घट्ट आहे, तिची नखं घसरतात.

"वाका," ती मला म्हणते.

मी वाकते. मैना माझ्या पाठीवर येते आणि माझा तोल जातो. इतकी जड असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. दोन वर्षं मी तिला शाळेच्या दारात उतरताना बघत आले, पण उचललं एकदाही नाही. पोचूबाई आपलं पाठीला बांधायचं लुगडं माझ्या छातीवरून आवळते. मैनाची हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर टेकते, तिच्या तोंडातून लाळ ओघळते. ती काहीतरी बोलायला बघतेय. तिचं सगळं अंग ताठ होतं, पाय माझ्या कमरेत रुततात.

मी मोजते. या वेळी सावकाश. पाच. सहा. आवाज गळ्यात आलाय, घरघरतोय. आठ.

"बाई," मैना म्हणते. "आई... कुठं?"

मी वळून पोचूबाईकडे बघते. अंगण रिकामं आहे. सोडलेली पट्टी खांबाशी पडली आहे. उत्तर मलाच द्यायचं आहे. मी तोंड उघडते.

"मॅडम? अहो मॅडम!"

मुख्याध्यापक ढोके सर दारात उभे आहेत. पाढे थांबलेत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.

"झाली का सही? येईलच तो आता."

मी अर्जावरचं कारण खोडते. खाली नवं लिहिते. ‘विद्यार्थिनी शाळेत येऊ शकते. आणणारी आई वारली. ने-आण करण्यासाठी मदतनीस मिळावा.’ खाली सही करते.

सर वाचतात. "असं चालत नाही, मॅडम. परत पाठवतील."

"पाठवू द्या. मी पुन्हा हेच लिहीन. तोवर सोमवारी आणि गुरुवारी मी तिला आणते."

"आणि बाकीचे दिवस?"

"ते मला माहीत नाही. आत्ता पोडावर जाऊन विचारते. आधी मैनाशी बोलायचंय."

सर अर्ज फायलीत ठेवतात. "नाल्यापर्यंत माझी गाडी जाते," ते माझ्याकडे न बघता म्हणतात. "शनिवारी सकाळची शाळा असते. शनिवार मी बघतो."

मी पर्स उचलते. दारातून बाहेर पडताना ते मागून हाक मारतात.

"मॅडम, पाणी सांडलं काय तुमच्या अंगावर?"

"कुठं?"

"खांद्यावर. उजव्या."

मी हात मागे नेते. ब्लाऊज ओला आहे, तळहाताएवढाच, बाकी सगळा कोरडा. पाण्याची बाटली पर्समध्ये झाकण लावलेली आहे. बोटांना ते चिकट लागतं, आणि अजून कोमट आहे.