आठ हप्त्यांचा हुकूम

अकोल्याच्या त्या कचेरीतला बाबू कधी कुणावर ओरडला नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच. टेबलाशी कुणीही आलं की तो आधी खुर्ची पुढे करायचा, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसायचा आणि विचारायचा, "जेवन झालं काय सर?" माझ्या शिक्षकपदाची मान्यता त्याच्याच फायलीत पडून होती. चार वर्षं मी त्या खुर्चीत बसलो.

शेवटी एकदा भडकून म्हणालो, "आता मी हायकोर्टात रिट टाकतो."

"टाका ना सर," तो शांतपणे म्हणाला. "कोर्ट काय सांगीन? आठ हप्त्यात निर्णय घ्या. कोनता घ्या, थे नाई सांगत."

नागपूरच्या खंडपीठानं नेमकं तेच सांगितलं: अर्ज अडवून ठेवू नका, आठ आठवड्यांत कायद्याप्रमाणे निर्णय घ्या. आम्ही घरी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी हुकूम त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला. मग खणातून एक टाइप केलेला कागद काढला. 'मान्यता नाकारण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही होती, शाई फिकी पडलेली. कोर्टाच्या हुकमाचा नंबर आणि तारीख, एवढ्याच जागा कोऱ्या होत्या. त्या त्यानं सुंदर अक्षरात भरल्या.

कोर्टाचा एक शब्दही त्यानं मोडला नव्हता.

"इथं पोच द्या सर," तो म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

मी सही केली. पेनही त्याचंच होतं.